हसनाहचं मत

हसनाह, तुझ्या देशात कुठल्याशा मतदारसंघात पोटनिवडणूक लागलीय. सकाळी चहा घेताना फोनवर बातमी झळकली. ते न्यूज अलर्ट तूच माझ्या फोनमध्ये लावून दिले होतेस, मला न विचारता, आणि ते बंद करायचं माझ्याकडून राहूनच गेलं. बातमी वाचली आणि सवयीने अंगठा तुझ्या नावावर गेला. ‘तुमचे पगडीवाले काका परत उभे राहिलेत वाटतं,’ एवढं टाइप करून झालं आणि मग आठवलं. पण पुसावंसं वाटेना. पाठवून दिलं. इतका चांगला टोमणा वाया कशाला घालवायचा?

हे मी मराठीत लिहितेय. तू म्हणाली असतीस, “म्हणजे मला उत्तर देता येऊ नये म्हणून ना?” हो, त्यासाठीच. इतकी वर्षं प्रत्येक वादात शेवटचा शब्द तुझा असायचा. आता जरा माझी पाळी.

आपली पहिली भेट आठवते? चँडलरच्या त्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात माझा पहिलाच आठवडा होता. क्लीनरूममध्ये जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवायचा, फक्त डोळे उघडे. मी त्या टोपीशी झटापट करत होते, एक बटण लावलं की दुसरं निघत होतं. शेजारी एक बुटकी बाई शांतपणे तयार होऊन उभी होती. तू म्हणालीस, “घाबरू नकोस. मला लहानपणापासून प्रॅक्टिस आहे. इथे आत गेलं की सगळ्यांनाच हिजाब.” आणि माझ्या हनुवटीखालचं बटण पटकन लावून टाकलंस. मी सांगलीहून निघालेली, तू मलेशियातल्या केलांतानहून. आपण दोघी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात एका खोलीत एकमेकींचे फक्त डोळे बघत हसत होतो.

मग रोज जेवायला एकत्र बसायला लागलो. रमजानात एकदा तू नुसतीच समोर बसलीस आणि म्हणालीस, आज ‘पुआसा’ आहे. पुआसा म्हणजे? उपवास. मी उडालेच. मग तू एकेक शब्द काढत गेलीस. भाषेला बहासा, मंत्र्याला मेंतरी, आणि नवऱ्याला सुआमी.

“स्वामी?” मी ओरडले. “आमच्याकडे नवऱ्याला एवढा मान आता कुणी देत नाही.”

“आमच्याकडेही नाही. नुसता शब्द उरलाय.”

स्वर्गाला शुर्गा, नरकाला नराका. “म्हणजे तुमचा इस्लामी पक्ष भर सभेत संस्कृतमधून स्वर्ग-नरक सांगतो?” मी विचारलं, आणि तू इतकी हसलीस की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मोठ्या बहिणीला तुमच्याकडे ‘काक’ म्हणतात, हे तू माझ्या रेवाला शिकवलंस. तेव्हापासून आमच्या घरच्या गणपतीत ही पोरगी “काक, कम हिअर!” म्हणून हाक मारायची आणि पाहुणे इकडेतिकडे बघत कुठला काका येतोय ते शोधायचे.

तुझा पक्ष आपल्या गप्पांत कधी शिरला ते नेमकं सांगता येणार नाही. मीच विचारलं असणार. तू म्हणालीस, “माझा जन्मच पक्षात झालाय.” तुझे वडील गावात कुराण शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ पक्षाचं काम करायचे. निवडणूक आली की आई शिवणयंत्रावर झेंडे शिवायला बसायची. उरलेल्या कापडाच्या उशा व्हायच्या. त्यामुळे तुमच्या घरात सगळ्यांची डोकी कायम पक्षावर टेकलेली, असं तू सांगायचीस. तुमच्या राज्यात तुमचं सरकार, पण देशाच्या संसदेत बहुतेक काळ विरोधी बाक. देश चालवणारी आघाडी वेगळीच, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तीच.

मी कुठल्या घरातली ते तुला माहीतच होतं. माझे बाबा शाळामास्तर. देवघर घरात, घराबाहेर राज्यघटना, हा त्यांचा नियम. धर्माच्या नावाने मत मागायला कुणी दारात आला की ते त्याला पाणी द्यायचे आणि परत पाठवायचे. त्यामुळे मला राहवेना. मी म्हटलं, “हसनाह, तू इंजिनियर. एकटी राहतेस, एकटी ग्रँड कॅन्यनला ड्राइव्ह करत जातेस. आणि मत कुणाला देतेस, तर धर्माचा कायदा मागणाऱ्यांना?”

तू डबा बंद केलास. तुझा आवाज कधी चढायचा नाही, फक्त तू डबा बंद करायचीस.

“आमच्या गावात सरकारला प्रश्न विचारणारं दुसरं होतं कोण? नळाला गढूळ पाणी येतं, रस्ता अर्धा होऊन थांबलाय, हे मोठ्याने बोलणारी माणसं मशिदीच्या पायऱ्यांवर बसायची आणि ती या पक्षाची होती. दुसरा एखादा पक्ष आला असता आमच्या दारात, तर त्याला दिलं असतं मत. आलाच नाही कुणी.”

“पण राज्यात तर तुमचंच सरकार! मग नळ कुणाचा?”

“हा प्रश्न चांगला आहे,” म्हणालीस, आणि लगेच, “आता तू सांग. तुमच्याकडे धर्म राजकारणात येत नाही?”

माझ्या तोंडात तेव्हा नेमका घास होता. तो मी फार वेळ चावला. तू माझ्याकडे बघत बसलीस, मग माझ्या डब्यातली लसणाची चटणी उचललीस आणि म्हणालीस, “सावकाश. मला घाई नाही.”

तुझ्याकडून मी काय काय ऐकलं त्यात एक गोष्ट मला फार आवडायची. एकदा तुमच्या पक्षाने बाकीच्या विरोधी पक्षांशी युती केली होती. त्यात देशातल्या चिनी वंशाच्या लोकांचा पाठिंबा असलेला पक्षही होता. त्या पक्षाचा एक दातांचा डॉक्टर तुमच्या अंगणात भाषण करायला आला. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या वडिलांनी अशा माणसासाठी स्वतः खुर्ची पुसली. आईने त्याला तीन-तीनदा विचारलं, जेवण चाललं का, तिखट तर नाही ना. त्याने मोडक्यातोडक्या केलांतानी बोलीत भाषण केलं आणि सगळं गाव त्याच्या उच्चारांना हसून हसून टाळ्या वाजवत होतं. तुझ्या मते तुमच्या पक्षाचे ते सगळ्यात चांगले दिवस. “विरोधात असलं की दुसऱ्याच्या घरी जेवायला जावं लागतं,” तू म्हणायचीस, “आणि त्याला आपल्या घरी बोलवावं लागतं. आपोआप शहाणपण येतं.”

“आणि सत्ता मिळाल्यावर?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

ती युती तुटली तेव्हा तू कितीतरी दिवस ब्रेकअप झालेल्या कॉलेजच्या मुलीसारखी हिंडत होतीस. आणि मग पुढे काही वर्षांनी तुमचा पक्ष खरंच देशाच्या सरकारात जाऊन बसला. मी मुद्दाम पेढ्यांचा बॉक्स घेऊन ऑफिसला आले. तू एकही उचलला नाहीस.

“अभिनंदन कसलं करतेस? आता प्रश्न कोण विचारणार?”

“अगं, पण इतकी वर्षं हेच तर हवं होतं ना तुम्हाला!”

“त्यांना हवं होतं,” तू म्हणालीस. “माझं काही ठरलं नव्हतं.”

तेव्हापासून तू रविवारी आमच्याकडे आलीस की पॅटिओवर जाऊन बसायचीस आणि धाकट्या भावाशी, रिदवानशी, फोनवर तासभर बोलायचीस. तो गावी शाळेत शिकवतो आणि पक्षाच्या शाखेचा सेक्रेटरी आहे, एवढं मला ठाऊक होतं. काचेच्या दारातून तुझे हातवारे दिसायचे. मला वाटायचं, घरचं काहीतरी असणार, आईची औषधं, जमिनीची वाटणी. आत आल्यावर तू पाणी प्यायचीस आणि अभयला म्हणायचीस, “तुझ्या बायकोचा चहा कुठाय?”

लग्न का केलं नाहीस असं अभयने तुला एकदा विचारलं होतं. “प्रचारातून वेळच मिळाला नाही,” तू म्हणालीस. आणि अमेरिकेची नागरिक का झाली नाहीस, हे मी विचारलं तेव्हा त्याहून सरळ उत्तर आलं. तुमच्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. इथलं घेतलं की तिथलं मत गेलं. मी तर केव्हाच शपथ घेऊन मोकळी झाले होते. सांगलीच्या मतदारयादीतून माझं नाव कधी गेलं हेही मला माहीत नाही. तू मात्र त्या एका मतासाठी दर वेळी ग्रीन कार्ड रिन्यू करत राहिलीस, विमानतळावर वेगळ्या रांगेत उभी राहत राहिलीस. मला ते वेडेपणाचं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

आता मी त्या लॉस एंजेलिसच्या दिवसाबद्दल लिहिणार आहे. तू कितीही नाही म्हणालीस तरी ती सगळी धावपळ तुझ्यामुळे झाली होती.

तुमच्या देशात निवडणूक लागली आणि पोस्टाने येणारी मतपत्रिका येता येत नव्हती. मतदान शनिवारी. पाकीट आलं मंगळवारी संध्याकाळी. पोस्टाने परत पाठवलं असतं तर निकालानंतर पोचलं असतं. तुझा चेहरा इतका उतरलेला मी कधीच बघितला नव्हता, नंतरच्या आजारपणातसुद्धा नाही. मग तुझ्या फोनवर कुणीतरी मेसेज टाकला. परदेशात अडकलेले तुमचे लोक विमानतळावर आपापली पाकिटं घरी चाललेल्या प्रवाशांच्या हातात देत होते. लॉस एंजेलिसहून बुधवारी संध्याकाळी एक विद्यार्थिनी निघणार होती.

आधी साक्षीदार हवा होता, आणि तो मलेशियाचाच नागरिक हवा. मी सही करायला पेन काढून बसले होते, पण नियमात मी बसत नव्हते. आपल्या ऑफिसात तुझ्या देशाचा दुसरा माणूस एकच, पेनांगचा वेंग, मशिनरी सांभाळणारा. तुमच्या पक्षाला ‘पगडीवाले काका’ हे नाव त्यानेच दिलेलं. त्याचंही पाकीट तसंच उशिरा आलं होतं, त्यालाही साक्षीदार हवा होता. शेवटी माझ्या डायनिंग टेबलावर तुम्ही दोघं समोरासमोर बसलात. तू परीक्षेतल्या मुलीसारखा हात आडवा धरून फुली मारलीस आणि वेंगला भिंतीकडे तोंड करून बसवलंस. मग त्याने मारली आणि तू भिंतीकडे तोंड केलंस. नंतर एकमेकांच्या कागदांवर सह्या.

“म्हणजे तुमची मतं एकमेकांना कापणार,” अभय म्हणाला. “दोघांनी घरीच बसा की! सहा तासांचं ड्राइव्ह वाचेल.”

तुम्ही दोघांनी त्याच्याकडे असं बघितलंत की तो उठून भांडी घासायला गेला.

वेंगला दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. त्याने आपलं पाकीट तुझ्या हातात दिलं. “वाळवंटात फेकू नकोस,” म्हणाला. तू म्हणालीस, “मी फेकलं तर तू कुणाशी भांडशील?” आणि ते स्वतःच्या पाकिटाला लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंस.

सकाळी निघालो. मी सुट्टी टाकली होती, कारण हायवेवर ट्रकच्या शेजारून जाताना तू डोळे मिटतेस हे मला ठाऊक होतं. पिशवी सबंध रस्ता तुझ्या मांडीवर. क्वार्ट्झसाइटला गॅस भरायला थांबलो तेव्हा बाथरूमला जातानाही बरोबर नेलीस. पुढे पाम स्प्रिंग्सच्या पवनचक्क्या लागल्या आणि मला हसू यायला लागलं. मी, सांगलीच्या मास्तरांची मुलगी, एका इस्लामी पक्षाचं मत पोचवायला पगारी रजा काढून निघाले होते!

“कुणाला दिलंस?” मी विचारलं.

“गुप्त असतं.”

“हसनाह.”

“त्यांनाच दिलं. पण म्हटलं, देवा, जिंकू दे, फार नको.”

मग मी ते बोलले. गाडी चालवताना समोर बघत बोलता येतं म्हणून बोलले. “तुला हा पक्ष कायम विरोधातच हवाय. कारण तो राज्य करेल याची भीती मला जेवढी वाटते तेवढीच तुलाही वाटते. मग लोकांना त्याला मत द्यायला का सांगतेस?”

पिशवीतली पाकिटं सारखी केलीस. मग म्हणालीस, “बघ, तो ट्रक किती जवळून गेला,” आणि डोळे मिटलेस. मी पुन्हा विचारलं नाही. तुझं उत्तर अजून येणं बाकी आहे, हसनाह, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. काही प्रश्न असे असतात की ते विचारता येणारं माणूस मिळालं यातच बरंच काही मिळतं.

विमानतळावर ती मुलगी जमिनीवर बसली होती, शेजारी सुटकेस उघडी. कविता तिचं नाव, घरचे मूळचे तमिळ. भोवती तुमचे लोक. कुणी हिजाबात, कुणी हाफ पँटमध्ये, एक आजोबा सॅन डिएगोहून बसने आलेले. सगळे पाकिटं देत होते आणि ती राज्यांप्रमाणे गठ्ठे लावत होती. कोण कुणाला मत देतंय हे कुणी विचारत नव्हतं. अर्थात, तुला राहवलं नाही.

“तू कुणाला देणार?” तू विचारलंस.

“काक,” ती हसत म्हणाली, “तुमचा स्कार्फ आणि तुमचं राज्य बघून एवढं सांगते, तुमच्या लोकांना नक्कीच नाही.” आणि तुझं पाकीट तिने गठ्ठ्याच्या मधोमध सरकवलं, कोपरा दुमडू नये म्हणून.

तू तिला मिठी मारलीस. मला वाटतं, तू रडत होतीस, पण तू म्हणालीस एसी फार आहे.

दोन्ही पाकिटं वेळेत पोचली. क्वालालंपूरहून कुणी वेंगचं पेनांगला नेलं, कुणी तुझं केलांतानला. निकाल लागला तर तुमच्या पक्षाची ताकद कधी नव्हती एवढी वाढलेली, आणि तरी सरकार दुसऱ्यांचं. तुम्ही परत विरोधी बाकांवर. सोमवारी तू डबाभर माशाचे पापड तळून आणलेस.

“हरलात ना?” वेंग पापड खात म्हणाला.

“विरोधी पक्ष झालो. हरलो कोण म्हणतं?”

इतकी खूश मी तुला क्वचितच पाहिली.

तुझ्या आजारपणाबद्दल फार लिहिणार नाही. तुला ते आवडलं नसतं, आणि ते फार चाललंही नाही. पोट दुखतंय म्हणून गेलीस आणि डॉक्टरांनी आपल्याला बसवून सांगितलं. हॉस्पिटलच्या खोलीत टीव्हीवर सतत इथल्या संसदेतली भांडणं चालू असायची आणि तू उशांना टेकून बघायचीस. “यांचा विरोधी पक्ष फार ओरडतो,” म्हणायचीस. “ओरडल्यावर उत्तराला थांबतच नाही. आमच्या गावात बसवायला हवं यांना.” शेवटी शेवटी एकदा तू विचारलंस, “आपलं सगळं बोलून झालं का?” मी म्हटलं, “छे, अजून कितीतरी राहिलंय.” “मग ठीक,” तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस, समोर ट्रक नसताना.

दफनाला घाई असते. रिदवान पोचू शकला नाही. गावाबाहेरच्या त्या कोरड्या मैदानात नमाज झाला. वेंग चाळीस डिग्रीच्या उन्हात काळा कोट घालून आला होता. सगळ्यांबरोबर त्यानेही माती टाकली. परत येताना गाडीत तो म्हणाला, “आता माझं मत कोण कापणार?” आम्ही दोघं हसलो, आणि मग मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

पुढच्या आठवड्यात तुझा भाऊ आला. तुझ्या अपार्टमेंटची आवराआवर करायला. मी त्याला जेवायला बोलावलं आणि दिवसभर धास्तावलेली होते. इतकी वर्षं ज्या पक्षाशी मी तुझ्यामार्फत भांडले त्याचा सेक्रेटरी माझ्या घरी येणार! एक कडक चेहऱ्याचा, लांब दाढीचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता. दार उघडलं तर तुझ्याच उंचीचा, तुझ्याच डोळ्यांचा एक मास्तर उभा. डोक्यावर पांढरी टोपी, हातात पापडांची पिशवी. बूट काढून नीट जोडीने ठेवले आणि म्हणाला, “काक अंजली, तुमच्याबद्दल ऐकून आहे. तुम्ही चहा फार कडक करता.”

मी साबुदाण्याची खिचडी केली होती. जेवता जेवता तुझा विषय निघाला, आणि तुझ्या विषयातून पक्षाचा निघणारच. तो हसायला लागला. म्हणाला, “माझी बहीण म्हणजे आमच्या शाखेची डोकेदुखी होती. दर रविवारी फोन. पक्षाच्या विरोधात तासभर.”

“विरोधात?”

“तर काय! म्हणायची, राज्यात तुम्हीच आहात, मग नळ कुणाचा? म्हणायची, मंचावरून भाषण करता, पण तुमच्या सभेत प्रश्न कोण विचारतं? म्हणायची, देवाच्या नावाने मत मागितलंत की हिशेब कुणाला देणार, देवाला की आम्हाला?”

माझा घास हातातच राहिला. हसनाह, ही माझी वाक्यं होती. शब्दन्‌शब्द माझी. कॅफेटेरियात, क्लीनरूमबाहेरच्या बाकावर, हायवेवर मी तुला ऐकवलेली. त्यातल्या एकाही वाक्याला तू माझ्यासमोर कधी मान हलवली नव्हतीस. डबा बंद करून तू मला तुझ्या भावाची बाजू ऐकवायचीस, आणि रविवारी माझ्याच पॅटिओवर बसून भावाला माझी.

मी त्याला ते सांगितलं. त्याने विचारलं, “आणि तुम्हाला ती काय सांगायची?”

मी सांगितलं. मशिदीच्या पायऱ्या, अर्धा रस्ता, गावात प्रश्न विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

“हे तर माझं!” तो म्हणाला. “हे मी तिला सांगायचो.”

मग आम्ही दोघं इतके हसलो की रेवा खोलीतून बाहेर आली. “व्हॉट इज सो फनी?” ती म्हणाली. मी म्हटलं, “तुझी काक दोन्हीकडे विरोधी पक्षात होती.” रेवाने खांदे उडवले. “ऑब्व्हियसली,” म्हणाली. पोरीला हे आधीच ठाऊक होतं बहुतेक.

निघताना रिदवानने आणखी एक सांगितलं. तुझ्या त्या रविवारच्या कटकटीला कंटाळून त्याच्या शाखेने सभेचा शिरस्ता बदलला. भाषणानंतर अर्धा तास प्रश्नांचा, आणि पहिला प्रश्न पक्षाबाहेरच्या माणसाचाच घ्यायचा. चिनी दुकानदार येतात, शेजारच्या गावच्या बायका येतात, एक-दोन जण तर खास भांडायलाच येतात. बाकीच्या शाखा त्यांना हसतात. त्याच्या शाखेतही सगळ्यांना ते पटलेलं नाही. तू पहिला प्रश्न दर वेळी फोनवरून सांगायचीस.

“येत्या सभेला तिचा प्रश्न नसेल,” तो म्हणाला. टोपी हातात घेऊन उभा होता. “तुम्ही पाठवाल?”

मी हो म्हटलं खरं, आणि मग दोन दिवस मला सुचेना. माझा प्रश्न नको होता. माझे सगळे तू आधीच विचारले होतेस. तुझा हवा होता, आणि तू तुझा म्हणून कधी काही विचारलंच नव्हतंस. शेवटी मी त्या अंगणातल्या दातांच्या डॉक्टरचा विचार करत बसले आणि लिहिलं: ‘ज्याला तुमचं पटत नाही, तुमचा धर्म ज्याचा नाही, तो शेजारी तुमच्या राज्यात निर्धास्त झोपेल, हे तुम्ही त्याला कसं पटवणार? त्याच्या समोर बसून सांगा.’

काल रिदवानचा मेसेज आला. प्रश्न वाचून दाखवला, म्हणतो. “हे तुझ्या बहिणीचं नाही,” असं कुणीतरी मागून ओरडलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, तिचंच आहे. मग दुकानदार उभा राहिला, मग इमाम उभे राहिले, मग दोघं एकदमच बोलायला लागले. चहा गार झाला. अर्ध्या तासाचे दोन तास झाले.

खाली एवढंच लिहिलंय: ‘उत्तर काही मिळालं नाही. पण कुणी उठून गेलं नाही.’